पैसा पुढे, पडताळणी मागे : लोकलेखा समितीचे शतक

१८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा तिच्या मुळाशी एक अगदी स्थानिक तक्रार होती. पर्वती देवस्थानाचा कारभार नीट चालत नाही, तो पाहणाऱ्यांनी लोकांना जाब दिला पाहिजे, अशी ती तक्रार. त्याच वर्षाच्या अखेरीस, १४ डिसेंबरला, लॉर्ड मेयोच्या सरकारने ठराव करून पोलीस, तुरुंग, शिक्षण, रस्ते अशी काही खाती ठरावीक रकमेसह प्रांतांच्या हवाली केली. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तरीही सरकारी खर्चाचे हिशेब तपासणाऱ्या कायदेमंडळाच्या लोकलेखा समितीचा इतिहास सांगायचा तर दोन्हींपासून सुरुवात करावी लागते, कारण पुढच्या दीडशे वर्षांतला सगळा झगडा त्यांतूनच निघाला आहे. एकीकडे हिशेब मागणारा समाज आणि दुसरीकडे सोयीपुरता पैसा खाली सोडणारे सरकार. वरून खाली निधी देण्याचे प्रत्येक पाऊल आपल्याकडे झपाट्याने पडले. त्या निधीवर लोकप्रतिनिधींनी नजर ठेवण्याची व्यवस्था मात्र मागून आली, काही ठिकाणी कित्येक दशकांनी आली आणि काही ठिकाणी अजून आलेली नाही. शंभरी ओलांडलेल्या या समितीचा गौरव करावा तितका थोडाच आहे, पण तो करताना ही उणीव नजरेआड होऊ नये म्हणून हे लेखन.

मेयोच्या योजनेने प्रांतांना अधिकार फारसे दिले नाहीत, जबाबदारी दिली. वरची तिजोरी ओढाताणीत होती, म्हणून खर्चाची खाती रक्कम बांधून खाली ढकलली गेली आणि कमी पडेल ते प्रांतांनी स्थानिक कर बसवून भागवावे अशी अपेक्षा ठेवली गेली. १८७७ मध्ये उत्पन्नाच्या काही बाबी प्रांतांकडे गेल्या, १८८२ मध्ये उत्पन्नाची वाटणी आणि पाच वर्षांचे करार आले, १९०४ मध्ये ते करार अर्धकायम आणि १९१२ मध्ये कायम झाले. चाळीस वर्षे वाद चालला तो कोणाला किती मिळावे याचाच. खर्च कसा झाला हे पाहणे म्हणजे वरच्या कचेरीने खालच्या कचेरीला विचारणे, एवढाच त्याचा अर्थ होता. लोकांच्या बाजूने हा प्रश्न लावून धरला तो पुण्या-मुंबईच्या मंडळींनी. न्यायमूर्ती रानडे यांनी प्रांतिक अर्थव्यवहाराच्या विकेंद्रीकरणावर लिहिले, सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातून सरकारी आकड्यांची छाननी झाली आणि सरकारी अहवालांतले तक्ते कसे वाचावेत याची शिस्त रावबहादुर गणेश व्यंकटेश जोशी यांनी गोखल्यांना लावली. १८९७ मध्ये गोखले डेक्कन सभेच्या वतीने भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला लंडनला गेले आणि १९०२ पासून केंद्रीय कायदेमंडळात दरवर्षी अर्थसंकल्पावर बोलू लागले. १८९२ च्या कायद्याने त्यांना बोलण्याची मुभा होती, मत देण्याची नव्हती. दुष्काळ आणि प्लेगच्या वर्षांतही सरकार शिल्लक दाखवते, याचा अर्थ लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातो, हा त्यांचा पहिल्याच भाषणातला मुद्दा सरकारच्याच आकड्यांवर उभा होता. मताचा अधिकार नसताना निव्वळ आकड्यांच्या बळावर सरकारला उत्तर द्यायला लावता येते, हे या पिढीने दाखवून दिले. पुढे समिती ज्या पद्धतीने काम करू लागली, ती पद्धत तिच्या जन्माच्या आधीच इथे रुजली होती.

समिती प्रत्यक्ष स्थापन झाली ती १९२१ साली, माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांच्या अंमलाबरोबर. केंद्रीय कायदेमंडळात एक आणि प्रांतिक कायदेमंडळांत आपापली, अशी ही रचना होती. केंद्रीय समितीत दोन तृतीयांश सदस्य निवडून आलेले असत, पण अध्यक्षपद अर्थ सदस्याकडे होते. पहिले अध्यक्ष विल्यम माल्कम हेली हे स्वतः अर्थ सदस्य होते. ज्या खात्याने खर्चाला मंजुरी दिली त्याच खात्याचा प्रमुख त्या खर्चाच्या चौकशीत अध्यक्षस्थानी बसे आणि समितीचे कागदपत्र सांभाळण्याचे कामही अर्थखातेच करी. शिवाय संरक्षणासह खर्चाचा फार मोठा भाग कायदेमंडळाच्या मताबाहेर होता. प्रांतांत परिस्थिती आणखी विचित्र होती. शिक्षण, आरोग्य, शेती, स्थानिक स्वराज्य ही खाती लोकांना जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे आली, पण तिजोरीची किल्ली राखीव, म्हणजे कायदेमंडळाला जबाबदार नसलेल्या, बाजूकडे राहिली. वर मेस्टन निवाड्याने प्रांतांनी केंद्राला द्यायच्या वर्गण्या ठरवल्या. एकूण ९ कोटी ८३ लाख रुपयांत मद्रासचा वाटा ३ कोटी ४८ लाख आणि मुंबईचा ५६ लाख होता. त्यातच प्राप्तिकर केंद्राकडे गेल्याने मुंबई इलाख्याची तक्रार वेगळीच होती. म्हणजे मंत्र्याला शाळा चालवायची, पैसा कुणी दुसऱ्याने मोजून द्यायचा आणि हिशेब तिसऱ्याच्या अध्यक्षतेखाली तपासायचा. या गुंत्यात विकेंद्रीकरणाचे यश शोधणे कठीण होते.

ही कोंडी सर्वांत स्पष्ट शब्दांत मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवहाराच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली लंडनहून प्रसिद्ध झाला. नेमणुकीच्या रकमा, सोपवलेले उत्पन्न आणि वाटून घेतलेले उत्पन्न अशा तीन टप्प्यांत त्यांनी प्रांतिक अंदाजपत्रकांचा इतिहास लावला. या सगळ्या काळात प्रांतांची अंदाजपत्रके नावापुरती वेगळी होती, प्रत्यक्षात प्रांत हे वरच्या सरकारचे विभागच राहिले, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९१९ नंतरच्या, खाती मंत्री आणि राखीव बाजू यांच्यात वाटणाऱ्या द्विदल पद्धतीवर त्यांनी केलेली टीका आजच्या चर्चेलाही लागू पडते: कारभार दोन हातांत वाटला की दोघांपैकी कोणालाच पूर्ण जबाबदार धरता येत नाही. १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात आल्यावर त्यांचे पहिले महत्त्वाचे भाषण अर्थसंकल्पावर झाले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. पुढे ३० मे १९४९ रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी महालेखापरीक्षकाला राज्यघटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी मानले आणि त्याचे काम न्यायसंस्थेच्या कामापेक्षाही मोलाचे ठरवले. या मताकडे एखाद्या पदाची स्तुती म्हणून पाहिले तर त्यातला तर्क हातचा जातो. कायदेमंडळाने मंजूर केलेल्या रकमेबाहेर आणि मंजूर केलेल्या कामाबाहेर एक पैसाही जाऊ नये, ही खात्री करून देणारा कोणी नसेल तर कायदेमंडळाचे मतदान पोकळ ठरते, हा त्यांचा मुद्दा होता. आणि त्या अधिकाऱ्याचा अहवाल वाचून जाब विचारणारे कोणी नसेल तर त्याचे काम फुकट जाते. म्हणून लोकलेखा समिती हवी.

२६ जानेवारी १९५० नंतर समितीचे रूप पालटले आणि माझ्या मते तिचा खरा जन्म तोच. समिती अर्थखात्याच्या छायेतून बाहेर पडून संसदेची समिती झाली. तिच्यावर नियंत्रण लोकसभेच्या अध्यक्षांचे, अध्यक्ष बिनसरकारी सदस्यांतून नेमलेला आणि सचिवालय संसदेचे. या बदलामागे गणेश वासुदेव मावळंकर यांचा आग्रह होता. रत्नागिरीकडच्या घराण्यातले आणि गुजरातेत वाढलेले मावळंकर १९३७ पासून मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. प्रांतिक स्वायत्ततेच्या काळात कायदेमंडळाने सरकारपासून आपले वेगळेपण कसे राखावे, याचा अनुभव त्यांनी तिथे घेतला होता. १९५० मध्येच अंदाज समिती स्थापन झाली, १९६४ मध्ये सार्वजनिक उपक्रमांसाठी स्वतंत्र समिती आली. लोकलेखा समितीत १९५४-५५ पासून राज्यसभेच्या सात सदस्यांची भर पडून संख्या बावीस झाली; मंत्र्याला सदस्य होता येत नाही. उरलेला दुवा १९६७ मध्ये जोडला गेला. त्या वर्षी स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी अध्यक्ष झाले आणि विरोधी पक्षातला सदस्य अध्यक्ष असावा हा संकेत पडला. मसानी कधीकाळी मुंबईचे महापौर होते, नगरपालिकेचे अंदाजपत्रक त्यांना परके नव्हते. कोणत्याही कायद्यात न लिहिलेला हा संकेत केंद्रात टिकला, राज्यांतही पसरला. १९२१ ते १९६७ हा प्रवास एका दिशेने गेला: हिशेब तपासणाऱ्याला खर्च करणाऱ्यापासून पायरीपायरीने सोडवणे. आधी कागदपत्र आणि अध्यक्षपद सुटले, शेवटी अध्यक्ष सत्तारूढ पक्षापासून सुटला. प्रत्येक पायरीनंतर समितीच्या शब्दाला वजन आले. तिला कधीच दंड करण्याचा अधिकार नव्हता, आजही नाही.

मग ती करते काय? विनियोजन लेखे आणि वित्तीय लेखे यांवरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल सभागृहापुढे येतो, तो समितीकडे जातो. समिती त्यातले काही परिच्छेद निवडते, संबंधित खात्याच्या सचिवाला साक्षीला बोलावते, अहवाल देते आणि सरकारला त्यावर केलेल्या कार्यवाहीचा अहवाल द्यावा लागतो. मंजूर रकमेपेक्षा जादा झालेला खर्च नियमित करायचा तर तो समितीच्या छाननीतून जावा लागतो. वरवर हे सगळे वरातीमागून घोडे वाटते आणि समितीवरचा सर्वांत जुना आक्षेप हाच आहे. पैसा खर्च होऊन दोन-तीन वर्षे झाली, अधिकारी बदलून गेला, ठेकेदाराची देयके चुकती झाली, आता चर्चा करून काय मिळणार? आक्षेपात तथ्य आहे, पण तो समितीचा उपयोग चुकीच्या जागी मोजतो. झालेला खर्च परत आणणे हे तिचे मुख्य काम कधीच नव्हते. आज निविदेवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला उद्या त्या सहीचे कारण लोकप्रतिनिधींसमोर बसून सांगावे लागेल, ही जाणीव ती निर्माण करते. जादा खर्च नियमित करून घेण्याचा नियम नसता, तर सभागृहाने मंजूर केलेली रक्कम हा केवळ अंदाज राहिला असता. दिरंगाईचा दोष मात्र खरा आहे आणि त्याचा बराचसा भाग समितीच्या हातात नाही. राज्यांत महालेखापरीक्षकांचे अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी मांडले जातात, म्हणजे चर्चेला वेळच उरत नाही. समितीची मुदतही एक वर्षाची. आकडे वाचायला शिकेपर्यंत सदस्याची मुदत संपते.

दुसरा आक्षेप राजकारणाचा. विरोधी पक्षाचा अध्यक्ष आणि बहुमत सत्तारूढ पक्षाचे, अशी रचना असलेली समिती नाजूक प्रकरणात दुभंगणारच, असे म्हटले जाते. त्याला दाखलाही आहे: टू-जी स्पेक्ट्रमच्या प्रकरणात २०११ मध्ये समितीतच मसुद्यावर फूट पडली आणि अध्यक्षांनी सादर केलेला अहवाल लोकसभा अध्यक्षांकडून परत आला. पण एका गाजलेल्या प्रकरणावरून समितीच्या रोजच्या कामाचा अंदाज बांधणे चूक आहे. बहुतेक अहवाल एकमताने येतात, कारण बहुतेक विषय पक्षीय नसतातच. धान्याच्या गोदामातली गळती किंवा वर्षानुवर्षे रखडलेला पूल यांवर पक्षभेद करायला जागा नसते. याहून गंभीर धोका वेगळा आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. बिहारच्या चारा घोटाळ्यात पशुसंवर्धन खात्याच्या मंजुरीपेक्षा कितीतरी जास्त रकमा वर्षानुवर्षे कोषागारांतून काढल्या गेल्या आणि अखेर त्या राज्याच्या लोकलेखा समितीच्या माजी अध्यक्षांनाही न्यायालयात शिक्षा झाली. पक्षभेदामुळे समिती मोडली, असे तिथे झाले नाही. तपासणारे आणि खर्च करणारे यांच्यातले अंतरच संपले. १९२१ च्या रचनेतला दोष सात दशकांनंतर वेगळ्या वाटेने परत आला. पैसा जितका खाली, जिल्ह्याच्या कोषागारापर्यंत, जातो तितके हे अंतर राखणे अवघड होते, ही त्या प्रकरणातली खरी शिकवण मला वाटते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर पैसा खाली नेण्यात या राज्याने पुढाकार घेतला होता. वसंतराव नाईक समितीच्या १९६१ च्या अहवालानंतर जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. प्राथमिक शाळा, दवाखाने, गावरस्ते, लघुसिंचन असा मोठा पसारा एका दिवसात जिल्ह्याच्या निवडून आलेल्या सभेकडे गेला. हिशेब तपासण्याची व्यवस्था मात्र जुनीच वापरली गेली: १९३० च्या मुंबई स्थानिक निधी लेखापरीक्षा कायद्याखालचे खाते, जे राज्य सरकारच्या वित्त विभागाचे अंग आहे. सुदैवाने विधिमंडळाने दोन्ही सभागृहांच्या सदस्यांची पंचायत राज समिती (पीआरसी) स्थापन केली. ही समिती जिल्ह्यात येते, जिल्हा परिषदेच्या लेखापरीक्षा अहवालांतले परिच्छेद हातात घेते आणि अधिकाऱ्यांची साक्ष काढते. पीआरसी येणार म्हटले की जिल्हा परिषदेच्या कार्यालयांत जुन्या फायली कपाटाबाहेर निघतात, अखर्चित निधीचे तक्ते जुळवले जातात, उपयोगिता प्रमाणपत्रे शोधली जातात. या धावपळीची थट्टा करणारे पुष्कळ आहेत. ज्यांना प्रतिनिधींच्या नजरेची भीती वाटत नाही त्यांच्या फायली कपाटातच राहतात, एवढे त्यांना सांगावेसे वाटते. रोजगार हमी योजनेतही महाराष्ट्राने अशीच समज दाखवली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेला १९७७ च्या कायद्याचा आधार मिळाला, तिच्यासाठी व्यवसाय करासारखे खास उत्पन्न बांधले गेले आणि विधिमंडळाने तिच्यासाठी स्वतंत्र समिती नेमली. पैसा, हक्क आणि नजर तिन्ही जवळजवळ बरोबरीने खाली गेले, असे आपल्या इतिहासातले हे दुर्मीळ उदाहरण.

पुढे मात्र गाडी रुळावरून घसरली. १९९३ मध्ये त्र्याहत्तरावी आणि चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती अंमलात आली. राज्य वित्त आयोग आले, निवडणूक आयोग आले. हिशेबाचे लेखन आणि लेखापरीक्षा यांची तरतूद मात्र राज्यांच्या कायद्यावर सोडली गेली आणि हिशेब कोणत्या लोकप्रतिनिधींपुढे यावा याबद्दल घटनेने मौन पाळले. अकराव्या वित्त आयोगाने महालेखापरीक्षकांनी स्थानिक संस्थांच्या लेखापरीक्षेवर तांत्रिक मार्गदर्शन आणि देखरेख ठेवावी अशी शिफारस केली. महाराष्ट्रानेही ती यथावकाश स्वीकारली. दरम्यान रकमा फुगत होत्या. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या काळात ग्रामपंचायतींसाठी २ लाख कोटी रुपयांहून अधिक अनुदान सुचवले. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ साठी स्थानिक संस्थांना ४ लाख ३६ हजार कोटी. पंधराव्या आयोगाने लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन उपलब्ध असण्याची अट घातली, ती योग्यच होती. पण हिशेब संगणकावर दिसणे वेगळे आणि त्यावर कोणी साक्ष काढणे वेगळे. खाली गेलेला पैसा आडवाटांनीही गेला. १९९६ ते १९९८ या काळात महाराष्ट्राने कृष्णा, विदर्भ, तापी, कोकण आणि गोदावरी मराठवाडा अशी पाच पाटबंधारे विकास महामंडळे काढली. कृष्णा खोऱ्यासाठी रोखे विकून पैसा उभा केला गेला. अंदाजपत्रकाबाहेरून आलेला हा पैसा अनुदान मागणीच्या वाटेने सभागृहापुढे आला नाही आणि त्यावर चर्चा झाली ती प्रकल्प अपुरे राहून खर्च कैक पटींनी वाढल्यावर. जिल्हा नियोजन समितीचे पाहा. १९९८ च्या कायद्याने ती झाली, पण तिचे अध्यक्ष पालकमंत्री. जिल्ह्याच्या योजनेचा पैसा कुठे जावा हे ठरवणारा आणि तो कसा गेला हे विचारणारा एकच. हेलींच्या काळची रचना जिल्ह्याच्या पातळीवर पुन्हा उभी राहिली, असेच म्हणावे लागेल.

मुंबई महानगरपालिकेचे उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलके आहे. १८८८ च्या कायद्यात, ज्यावर फिरोजशहा मेहता यांचा ठसा आहे, महापालिकेच्या मुख्य लेखापरीक्षकाने दर आठवड्याला हिशेब तपासून स्थायी समितीला अहवाल द्यावा अशी तरतूद आहे. देशात लोकलेखा समिती येण्याच्या तेहतीस वर्षे आधी एका शहराने निवडून आलेल्या सदस्यांपुढे आठवड्याचा हिशेब आणण्याची सोय केली होती. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक पुढे पुढे जात राहिली आणि आयुक्तच प्रशासक झाले. त्यानंतरची अंदाजपत्रके आयुक्तांनी प्रशासकाला, म्हणजे स्वतःलाच, सादर केली आणि मंजूर केली. २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचे होते. देशातली सर्वांत श्रीमंत नगरपालिका, काही राज्यांच्या बरोबरीचे अंदाजपत्रक आणि त्यावर प्रश्न विचारणारा एकही निवडून आलेला सदस्य नव्हता. याच काळात राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदाही प्रशासकांकडे होत्या. लेखापरीक्षा या काळात थांबली नव्हती, कायद्यातले शब्दही जागेवर होते. थांबला तो अहवाल ज्याच्यापुढे ठेवायचा तो प्रतिनिधी आणि त्याच्याबरोबर सगळ्या व्यवस्थेचा अर्थ.

इथे एक वजनदार आक्षेप येतो आणि तो विकेंद्रीकरणाच्या खऱ्या पाठीराख्यांकडून येतो. जिल्हा परिषद ही निवडून आलेली सभा आहे; तिच्या खर्चावर विधिमंडळाच्या समितीने येऊन जाब विचारणे म्हणजे वरच्यांनी खालच्यांच्या स्वायत्ततेवर आक्रमण करणे नव्हे काय? ग्रामसभा आहे, सामाजिक अंकेक्षण आहे, माहितीचा अधिकार आहे. लोकांनी थेट विचारावे. हा आक्षेप मनापासून पटण्यासारखा आहे, पण दोन गोष्टी विसरून मांडलेला. जिल्हा परिषदेचा बहुतांश पैसा राज्याने दिलेल्या हस्तांतरित आणि अभिकरण योजनांचा आहे, त्यातला मोठा भाग शिक्षकांच्या पगाराचा. स्वतःच्या उपकराचे उत्पन्न त्या मानाने तोकडे. ज्या सभागृहाने कर बसवून तो पैसा उभा केला त्या सभागृहाला त्याची वाट कळली पाहिजे. दुसरी गोष्ट, माहितीचा अधिकार कागद मिळवून देतो, पण अधिकाऱ्याला समोर बसवून उपप्रश्न विचारण्याचा अधिकार देत नाही. आणि ग्रामसभा गावच्या रस्त्याचा हिशेब घेऊ शकते, जिल्ह्याच्या कोषागारातून कुठल्या लेखाशीर्षाखाली काय निघाले हे तिला दिसत नाही. या साधनांनी समितीची जागा घ्यावी अशी अपेक्षा करणे त्यांच्यावरही अन्याय आहे. मात्र आक्षेपातला गाभा मी मान्य करतो. वरून येणारी समिती पुरेशी नाही, कारण ती पाच-सात वर्षांपूर्वीचे परिच्छेद घेऊन दोन-तीन दिवसांसाठी येते आणि जाते. केरळच्या विधानसभेत स्थानिक निधी लेख्यांसाठी स्वतंत्र समिती आहे, १९८० पासून विषय समित्याही आहेत. तिथे हे काम अधिक नियमाने होते. पण तेही विधानसभेतच.

उपाय जुन्याच तत्त्वात आहे. जिल्हा परिषदेची आजची अर्थ समिती अंदाजपत्रक बांधते आणि लेखापरीक्षेच्या आक्षेपांवरही तीच बसते. तिचे सभापतिपद सत्तारूढ गटाकडे असते. अंदाजपत्रकाचे काम तिच्याकडेच राहावे. लेखे पाहण्यासाठी वेगळी समिती असावी, अध्यक्ष विरोधी गटातला असावा, मुदत एका वर्षाऐवजी जिल्हा परिषदेच्या पूर्ण कार्यकाळाइतकी असावी आणि तिला मदत करणारा कर्मचारी मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्याच्या हाताखालचा नसावा. महानगरपालिकांतही तसेच. यावर अधिकाऱ्यांकडून येणारे उत्तर ठाऊक आहे: चौकशीच्या धाकाने कोणी निर्णयच घेणार नाही, निधी अखर्चित राहून परत जाईल. चौकशी नसलेल्या ठिकाणीही निधी मार्चअखेरीपर्यंत पडून राहतो आणि शेवटच्या पंधरवड्यात घाईने काढला जातो, हे याच अधिकाऱ्यांचे तक्ते सांगतात. निर्णयाची कारणे नोंदलेली असतील तर प्रामाणिक अधिकाऱ्याला समितीपुढे बसण्यात तोटा नाही. अनेकदा वरच्या दबावाविरुद्ध तीच त्याची ढाल होते. राज्याच्या पातळीवरचे काम याहून निकडीचे आहे. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळापुढे एकाच अधिवेशनात ९४ हजार ८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या आल्या. मूळ अंदाजपत्रकावर चर्चा होऊन काही महिनेही लोटले नव्हते. मूळ मागण्यांना लागते तेवढीच छाननी पुरवणी मागण्यांना लावायची तर सभागृहाचे दिवस वाढवावे लागतील आणि महालेखापरीक्षकांचे अहवाल अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात मांडण्याचा नियम करावा लागेल. यातल्या कशालाही घटनादुरुस्ती लागत नाही. पंचायतींच्या लेखापरीक्षेची तरतूद करण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाकडे १९९३ पासून आहे. १९६१ च्या जिल्हा परिषद कायद्यात लेखा समितीचे एक कलम घालणे आणि विरोधी गटाला अध्यक्षपद देणे त्याला एका अधिवेशनात करता येईल.